सानुकीची बाई

काड्यांनी उचललेली उदोनची जाड शेवई अर्ध्यावरच तुटली, परत वाडग्यात पडली आणि रश्श्याचे दोन थेंब मित्सुयोच्या फिक्या स्वेटरवर उडाले.

तिनं रुमालानं डाग टिपला आणि पुन्हा काड्या घातल्या. या वेळची शेवई तुटली नाही, पण तोंडात गेल्यावर दातांना काही कामच उरलं नाही. जीभ टाळूला लागली आणि शेवई विरघळली. आजाऱ्याला भरवायला ठीक, असं तिच्या मनात आलं. समुद्रापलीकडं, तिच्या माहेरी सानुकीत, असलं उदोन कुणी पुढ्यात ठेवलं असतं तर माणसं काड्या खाली ठेवून न बोलता उठली असती.

"आमच्याकडं मऊच असतं हं ताई," मालकीण काउंटरच्या आतून म्हणाली. "रस्सा कमी पडला तर ती छोटी किटली घ्या. या शेवया बसल्या बसल्या सगळा रस्सा पिऊन टाकतात."

"छान आहे," मित्सुयो म्हणाली.

वाडग्यात आता खरंच रस्सा दिसत नव्हता. खावं तेवढं वाढतच चाललं होतं. वर ठेवलेली गोबोच्या मुळाची भजी तेवढी बरी होती, पण तीही खालच्या बाजूनं ओली होऊन लोंबायला लागली होती. मित्सुयोनं किटलीतला रस्सा ओतून घेतला, म्हणजे मान खाली घालून बसायला निमित्त झालं. ती खायला आलीच नव्हती. ती या बाईला बघायला आली होती.

बाई साठीची असेल. केस तांबूस रंगवलेले, ओठांवर लाली, कपाळाला टॉवेल बांधलेला. हसली की शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जायचं. सगळे तिला हात्सुमीबाई म्हणत होते. वाडगा ठेवताना ती गिऱ्हाइकाच्या पाठीवरून सहज हात फिरवायची, म्हाताऱ्याच्याही आणि समोरच्या दवाखान्यातून आलेल्या नर्सच्याही. सगळ्यांशीच अशी वागते, की सगळ्यांच्या आड एकाशी वागता यावं म्हणून अशी वागते, हे मित्सुयोला ठरवता येईना.

तिचा नवरा तोकुओ कुसाबा दर गुरुवारी पटावर सोंगट्यांचा गो खेळायच्या क्लबात जायचा. रबराच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासूनची ही सवय. निदान मित्सुयोची तशी समजूत होती. मग एका सकाळी भाजीवाल्याकडं क्लब चालवणाऱ्याची बायको भेटली आणि काळजीनं म्हणाली, "कुसाबासानची तब्येत बरी आहे ना? किती दिवसांत फिरकलेच नाहीत." मित्सुयोच्या तोंडून पटकन निघालं, "गुडघे हो, गुडघे धरलेत त्यांचे." घरी येईपर्यंत तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. खोटं कशासाठी आहे हे माहीत नसताना ती त्याच्या खोट्याला टेकू देऊन आली होती.

त्यानंतर तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. गुरुवारी त्याच्या स्वेटरला तळणाचा वास यायचा. त्या दिवशीचा शर्ट तो स्वतः इस्त्री करायचा. आणि दर गुरुवारी तो गोबोची भजी आणायचा, "सुपरमार्केटात शेवटची राहिली होती" म्हणून. मित्सुयो ती आवडीनं खायची. पण सुपरमार्केटच्या पुड्यावर किमतीची चिठ्ठी असते, या पुड्यावर कधीच नसायची. हे तिला आता, इतक्या दिवसांनी, दिसलं.

मग एका गुरुवारी ती बहिणीची जुनी टोपी आणि मास्क घालून त्याच्याच बसमध्ये मागच्या बाजूला बसली. तो दवाखान्याच्या थांब्यावर उतरला.  याच दवाखान्यात तीन वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं होतं. आता याला काय झालं? पण तोकुओनं दवाखान्याकडं पाठ फिरवली, रस्ता ओलांडला आणि या दुकानाचा निळा पडदा हातानं बाजूला सारून आत गेला. आपल्याच घराचा पडदा सारावा तसा. आजार असता तर बरं झालं असतं, असं मित्सुयोच्या मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

आता, गुरुवार सोडून दुसऱ्याच दिवशी एकटी इथं येऊन, वाडग्यातली शेवटची फुगलेली शेवई गिळताना तिचा संशय पक्का झाला. सानुकीच्या बाईच्या हातचं उदोन चाळीस वर्षं खाल्लेला माणूस हा लगदा खायला बस धरून येणार नाही. या दुकानात कुणी उदोनसाठी येतच नसणार.

"परत या हं, ताई," हात्सुमी दारापर्यंत आली आणि तिच्याही पाठीवरून हात फिरवून गेली.

त्या रविवारी मित्सुयोनं नेहमीसारखी कणीक भिजवली, कापडात गुंडाळली आणि जमिनीवर ठेवून पायांनी तुडवायला घेतली. तिच्या आईनं तिला असंच शिकवलं होतं. टाचेनं दाब देत, घडी घालत, पुन्हा दाब देत. एरवी ती तुडवताना काहीतरी गुणगुणायची. आज गप्प होती.

तोकुओ खात होता. एकेक घास बराच वेळ चावत होता.

"कसं झालंय?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे?"

"म्हणजे ठीक. नेहमीसारखं."

"गुरुवारी क्लबात कोण कोण होतं?"

"नेहमीचेच."

"जिंकलात का?"

त्यानं घास संपवला. "एक डाव जिंकलो, एक हरलो."

मित्सुयो त्याच्या जबड्याकडं बघत राहिली. इतकं बारीक चावतोय ते खोटं नीट जुळवायला वेळ मिळावा म्हणून, असं तिला वाटलं. त्याच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर कधीच काही नसायचं. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली तेव्हा तो पलंगाशेजारी तोंडापुढं पेपर धरून बसला होता, आणि पेपराआडून त्याचं पहिलं वाक्य आलं होतं, "वाळत घातलेले कपडे काढायचे राहिलेत." ते वाक्य मित्सुयोनं तीन वर्षं उरात जपून ठेवलं होतं. वेळ येईल तेव्हा काढायचं म्हणून.

पुढच्या गुरुवारी ती त्याच्या आधीच निघाली. दुकानासमोर, दवाखान्याला लागून औषधाचं दुकान होतं. तिथं खिडकीशी रांगेच्या खुर्च्या होत्या आणि कुणी किती वेळ बसलंय हे कुणी विचारत नव्हतं.

तोकुओ आला, पडदा सारून आत गेला आणि काउंटरच्या टोकाला बसला. काचेतून त्याची अर्धी बाजू दिसत होती. वाडगा आला. आणि मग मित्सुयोला जे दिसलं ते पाहून ती खुर्चीत पुढं सरकली.

तोकुओ बोलत होता. हातवारे करून बोलत होता. दोन्ही हात पसरून काहीतरी मोठं दाखवत होता, मग बसल्या बसल्या पाय आपटून काहीतरी. हात्सुमी काउंटरवर कोपर टेकून ऐकत होती. शेजारचा टॅक्सीवाला हसून हसून खोकायला लागला. मग तोकुओ एकदम थांबला, मान खाली घातली, आणि हात्सुमीनं काउंटरवरून हात लांब करून त्याच्या खांद्यावर ठेवला. बराच वेळ तो हात तिथंच होता.

घरी हा माणूस दिवसाला मोजून बोलायचा. मित्सुयोला त्या हातापेक्षा हे बोलणं जास्त लागलं.

निघताना हात्सुमीनं त्याला कागदात बांधलेला पुडा दिला. तोकुओनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि कमरेत वाकला.

तो बसमध्ये चढून गेल्यावर मित्सुयो रस्ता ओलांडून आत गेली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. तोकुओ ज्या स्टुलावर बसला होता त्याच स्टुलावर ती बसली. स्टूल अजून ऊबदार होतं.

"अगं बाई, आलात परत!" हात्सुमीला ती आठवत होती. "मला वाटलं आमचं उदोन काही तुम्हाला रुचलं नाही."

"नाही, तसं नाही," म्हणून मित्सुयोनं तेच मागवलं. या वेळी ते आधीपेक्षा वाईट होतं. दुपारची गर्दी ओसरली होती, शेवया कधीच्या शिजून पडलेल्या असाव्यात. काड्यांत धरायला गेलं की निसटायच्या. शेवटी तिनं चमचा मागितला.

हात्सुमी हसली. "तुम्ही मूळच्या कुठल्या हो? इथल्या, कुरुमेच्या माणसाला चमचा लागत नाही."

"सानुकीची."

"काय सांगता! मग बरोबर आहे. तुमचं उदोन म्हणजे दोरखंड. मला कसं ठाऊक? आमचे एक नेहमीचे आहेत, आत्ताच गेले बघा, त्यांची बायको सानुकीची होती."

मित्सुयोचा चमचा वाडग्याच्या काठाला लागून वाजला.

"होती?"

"गेली बिचारी. इथंच, समोरच्या दवाखान्यात." हात्सुमीनं आवाज खाली आणला. "तीन वर्षं होतील. ऑपरेशनच्या दिवशी पहिल्यांदा आले ते. तुम्ही बसलाय ना, तिथंच बसले होते. उदोन मागवलं आणि हात लावला नाही. नुसते वाडग्याकडं बघत होते. सगळा रस्सा आटला, शेवया फुगून वर आल्या, तरी तसेच. मी म्हटलं, काका, काही होतंय का? तर म्हणाले, 'माझी बायको...' आणि पुढं शब्दच नाही. टॉवेल तोंडाला लावला आणि असे रडले म्हणता! माझी दोन गिऱ्हाइकं उठून बाहेर जाऊन उभी राहिली. पुरुष माणसाला असं रडताना बघवत नाही ना."

 मित्सुयोला त्या दिवशीचं छत आठवलं, औषधाचा वास आठवला आणि पेपराची मागची बाजू, छापील जाहिरातीसकट.

"मग पंधरा-वीस दिवसांनी आले परत," हात्सुमी सांगत होती. "मी विचारलं, सगळं नीट आटोपलं का? म्हणाले, आटोपलं, आता घरी आणलंय. मी म्हटलं, अस्थी घरी असल्या की घर तरी रिकामं वाटत नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं... पण काही बोलले नाहीत. तेव्हापासून दर गुरुवारी येतात. बायकोच्या फोटोपुढं ठेवायला म्हणून मी भजी बांधून देते. तिला आमची भजी फार आवडली असती, असं एकदा म्हणाले होते."

मित्सुयोनं वाडग्याकडं पाहिलं. भज्याचा एक तुकडा रश्श्यात तरंगत होता. दर गुरुवारी रात्री ती हीच भजी चहाबरोबर खात आली होती. तव्यावर जरा गरम करून, कुरकुरीत झाली की पहिलं स्वतःच्या तोंडात टाकून.

तिला हसू येतंय की किळस, हे तिला कळेना. 

"आणि तुमचे यजमान?" हात्सुमीनं विचारलं.

"ते..." मित्सुयो म्हणाली. आत्ता सांगून टाकावं, की तुमच्या या स्टुलावर दर गुरुवारी बसतात तेच. पण मग या बाईचा चेहरा कसा होईल, तिला दिसलं. "ते नाहीत," ती म्हणाली. घरी नाहीत, अजून बसमध्ये असतील, असं तिच्या मनात होतं.

"अरेरे," हात्सुमीचा हात लगेच पुढं आला आणि मित्सुयोच्या खांद्यावर टेकला. गरम, थोडासा ओला, जड हात. म्हणजे हे इतकं सोपं असतं, मित्सुयोला वाटलं. गप्प बसलं की झालं.

"तुम्ही गुरुवारी लवकर या," हात्सुमी म्हणाली. "त्यांच्याशी गाठ घालून देते. माहेरच्या गोष्टी निघतील. एकट्या माणसाला तेवढंच. नाव काय म्हणालात?"

"ओनिशी," मित्सुयोनं माहेरचं आडनाव सांगितलं.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. त्या रात्री तोकुओनं भजी टेबलावर ठेवली तेव्हा ती म्हणाली, "आज नको." त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, पुडा उचलला आणि फ्रिजमध्ये ठेवला. पलीकडच्या खोलीत तो झोपलेला असताना ती जागी पडून हिशेब जुळवायचा प्रयत्न करत होती. पहिल्या दिवशीचं रडणं खरं असेल, मानलं. दुसऱ्या वेळचा गैरसमज, तोही मानला. पण त्यानंतरची तीन वर्षं? जिवंत बायकोला मारून दर आठवड्याला खांद्यावर हात ठेवून घ्यायचा, हा काय गैरसमज? की ते रडणंही त्या बाईच्या हातासाठीच सुरू झालं होतं? घरात मी आहे हे याला सांगावंसं एकदाही वाटलं नसेल, की नसलेलीच मी याला बरी वाटते?

गुरुवारी ती मास्क न घालता गेली. टोपीही नाही. काउंटरच्या टोकापासून दुसऱ्या स्टुलावर बसली आणि दाराकडं तोंड केलं.

पडदा हलला. तोकुओ आत आला, "आज जरा गार आहे" असं काहीतरी म्हणत, आणि अर्ध्यावर थांबला.

"या, या कुसाबासान!" हात्सुमी आतून ओरडली. "बघा तुमच्या शेजारी कोण बसलंय. या ओनिशीसान. सानुकीच्या! तुमच्या बायकोच्या गावाकडच्या. यांचेही यजमान नाहीत."

तोकुओच्या हातातली टोपी हातातच राहिली. मित्सुयो स्टुलावरून उतरली आणि नीट, दोन्ही हात पुढं जुळवून, वाकली.

"आपली पहिलीच भेट," ती म्हणाली.

दुकानात भांड्यांचा आवाज होता, रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. तोकुओ वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"मी कुसाबा," तो म्हणाला.

तो बसला तो मधे एक स्टूल सोडून. हात्सुमी लगेच ओरडली, "मधे जागा कशाला? ओनिशीसान काय चावतात का?" तेव्हा तो शेजारी सरकला. दोघांपुढं वाडगे आले. वाफ दोघांच्याही चष्म्यावर बसली आणि थोडा वेळ कुणालाच कुणी दिसलं नाही.

"तुमच्या पत्नी सानुकीत कुठल्या?" मित्सुयोनं विचारलं.

तो चष्मा पुसत होता. "कानोन्जीच्या."

"घरी उदोन करायच्या?"

"करायची. दर रविवारी."

"इथल्यापेक्षा बरं असेल."

"काहीतरीच काय," हात्सुमी मधेच म्हणाली. "दोरखंड असतं ते! हे तसं कधी म्हणत नाहीत, पण मला कळतं."

तोकुओनं काड्या खाली ठेवल्या. आता तो उठून जाईल, मित्सुयोला वाटलं. तो उठला नाही.

"फार कडक असायचं," तो म्हणाला. वाडग्याकडं बघून म्हणाला, पण आवाज स्पष्ट होता. "माझे दात पहिल्यापासून वाईट. या बाजूच्या दाढा तर गेल्याच. एक घास चावता चावता कानशील दुखायचं. चाळीस वर्षं दुखलं."

हात्सुमी खदखदून हसली. "मग सांगायचं नाही का तिला, की बाई गं, जरा जास्त शिजव?"

"सांगणार होतो. पुष्कळदा." तो थांबला. "पण ती तुडवताना गुणगुणायची. तेवढं ऐकलं की राहून जायचं."

मित्सुयोनं काड्यांनी एक शेवई उचलली. ती तुटली. तिनं दुसरी उचलली नाही.

"त्यांना वाटत असेल, तुम्हाला आवडतं," ती म्हणाली.

"वाटू दे ना. त्यात काय तुमचं..." तो अडखळला. "त्यात कुणाचं काय बिघडत होतं."

"आणि शेवटी? दवाखान्यात?" मित्सुयोचा आवाज चढला नव्हता, पण हात्सुमीनं हातातलं फडकं थांबवून तिच्याकडं पाहिलं. नव्या ओळखीत कुणी असं विचारत नाही. "शुद्धीवर आल्या होत्या का त्या?"

"आली होती."

"मग काय बोललात?"

"ओनिशीसान," हात्सुमी हळूच म्हणाली, "राहू द्या ते."

"नाही, विचारू दे त्यांना," तोकुओ म्हणाला. त्यानं टॉवेलनं कपाळ पुसलं. "कपड्यांचं बोललो. वाळत घातलेल्या. तोंडापुढं पेपर धरला होता. तो खाली घेतला असता तर... दिवसभर इथं बसून रडून गेलो होतो, डोळे असे झालेले. ऑपरेशन ठरल्यापेक्षा कितीतरी लांबलं होतं. आत काय चाललंय कुणी सांगत नव्हतं. तिनं माझं तोंड बघितलं असतं तर तिला वाटलं असतं, आता आपलं काही खरं नाही."

मित्सुयोनं त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. पकडला गेलाय, आणि गोड बोलून सुटतोय. गेला आठवडाभर तिनं हेच गृहीत धरलं होतं, की हा काहीतरी छान रचेल. आत्ता, या स्टुलावर बसल्या बसल्या रचलेलं असेल हे. तिनं हात्सुमीकडं पाहिलं. हात्सुमी फडक्यानं डोळे टिपत होती आणि मान हलवत होती, पाठ झालेली गोष्ट पुन्हा ऐकावी तशी.

"मला दर वेळी रडवतात ते या पेपरावर येऊन," ती मित्सुयोला म्हणाली. "पहिल्या वर्षापासून ऐकतेय. त्या कपड्यांत तिची एक पिवळी ओढणी होती ना हो, कुसाबासान?"

"होती," तोकुओ म्हणाला.

होती खरी. मित्सुयोला ती वाऱ्यावर हललेली दिसली. ती ओढणी वाळत होती हे तिलासुद्धा आत्तापर्यंत आठवलं नव्हतं.

 टॅक्सीवाला येऊन बसला, त्यानं हवेबद्दल काहीतरी म्हटलं, तोकुओनं त्याला उत्तर दिलं. मित्सुयोनं वाडग्यातलं होतं नव्हतं ते संपवलं. किटलीतला रस्सा संपला तेव्हा तोकुओनं आपली किटली न बोलता तिच्याकडं सरकवली, आणि सरकवल्यावर हात झटकन मागं घेतला.

निघताना हात्सुमीनं दोन पुडे बांधले.

"हा तुमच्या बायकोच्या फोटोपुढं. आणि ओनिशीसान, हा तुमच्या यजमानांच्या. त्यांना चालतात ना भजी?"

"चालतात," मित्सुयो म्हणाली. "दात नाहीत, पण खातील."

तोकुओचा हात पुढं झाला नव्हता. पुडा हात्सुमीच्या हातात तसाच होता.

"घ्या की," मित्सुयो त्याला म्हणाली. "त्या वाट बघत असतील."

त्यानं दोन्ही हातांनी घेतला.

थांब्यावर दोघंच होते. समोर दवाखान्याच्या दारातून माणसं ये-जा करत होती, कुणी हातात फुलं घेऊन, कुणी मोकळ्या हातानं. मित्सुयो बाकाच्या एका टोकाला बसली. तोकुओ उभाच राहिला.

"किती वेळा आली होतीस?"

"आजची धरून तीन."

"उदोन..."

"भिकार आहे," ती म्हणाली. "माझ्या जन्मात इतकं वाईट खाल्लं नव्हतं."

 वाऱ्यानं त्याच्या डोक्यावरचे उरलेले केस उभे केले होते. टोपी अजून हातातच होती, घालायचं त्याला सुचलं नव्हतं. मित्सुयोला तो म्हातारा दिसला. रोज दिसणारा माणूस असा अचानक म्हातारा दिसला की राग धरून ठेवायला जड जातं, म्हणून तिनं दुसरीकडं पाहिलं. राग तिला इतक्यात सोडायचा नव्हता.

"पहिल्यांदा सांगायचं राहून गेलं," तो म्हणाला. "मग दुसऱ्यांदा ती अस्थींचं बोलली. मी म्हणणार होतो. तेवढ्यात तिनं भजी बांधायला घेतली, आणि मग... मग तिथं तुझ्याबद्दल बोलता यायचं." त्यानं दुकानाकडं पाहिलं. "आत्ता जाऊन सांगून येतो तिला. माफी मागून येतो. काय म्हणेल ती म्हणेल."

तो खरंच निघाला. दोन पावलं टाकली.

"थांबा," मित्सुयो म्हणाली.

तो वळला.

"आज नका सांगू."

"का?"

"मला अजून एक विचारायचंय."

"मग विचार ना. विचार की आत्ता."

मित्सुयोनं रस्त्याच्या वळणाकडं पाहिलं. बस दिसायला लागली होती. ती उठून उभी राहिली, स्वेटर सारखा केला.

"इथं बाहेर तुम्ही काही सांगणार नाही," ती म्हणाली. "आणि पुढच्या गुरुवारी जरा उशिरा या. मी आधी जाऊन बसते."